पांढऱ्या पट्ट्याची झाडं : एक एकर सागाच्या विरळणीचं प्रकरण

२०१३ च्या पावसाळ्यात मामांच्या सागातलं एक झाड मुळासकट उन्मळून पडलं. घराच्या मागच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली होती, म्हणून मामांनी ते झाड पंचनामा करून घेऊन ठेवलं आणि दिवाळी झाल्यावर गावातल्या सुताराला बोलावलं. सुताराने बुंध्याचा तोंडाकडचा एक तुकडा कापला, हाताने पुसला आणि बराच वेळ नुसताच बघत राहिला. कडेने सगळं पांढरं लाकूड, मधे गाभा, म्हणजे पिकलेलं टिकाऊ लाकूड, चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. "अण्णा, ह्याचा वासा होईल. चौकट नाही व्हायची," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मामांचा मला फोन आला. "अरे, चौदा वर्षं झाली. वीस वर्षांत लाखाचं झाड होईल म्हणाले होते. ह्यात तर पाट करण्याएवढंही लाकूड नाही. झाडांना रोग आहे का बघून जा."

माझं शिक्षण वनशास्त्राचं, दापोलीचं. पुढची बरीच वर्षं लागवडीच्या कामातच गेली. मामांच्या झाडांना कसलाही रोग नव्हता. जे झालं होतं ते कोकणात आणि विदर्भातही खाजगी सागाच्या शेकडो लागवडींत झालं आहे, म्हणून ही हकिगत पहिल्यापासून मांडतो. घेरांचे आणि झाडांच्या संख्येचे आकडे माझ्या वहीतले आहेत, त्या एका एकराचे. त्यांना तेवढंच मानावं.

लागवड

जमीन रत्नागिरी जिल्ह्यातली, संगमेश्वर तालुक्यातली. वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ, खालच्या अंगाला पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, खोल, पाणी न धरणारी माती. सागाला हवी तशीच. सागाला बरंच काही चालतं, पण पाण्यात उभं राहणं आणि सावली ह्या दोन गोष्टी चालत नाहीत. पैकी पहिली इथे नव्हतीच.

नव्वदच्या दशकात सागाचं वेड आलं होतं. वर्तमानपत्रांत अर्ध्या पानाच्या जाहिराती यायच्या. झाड आमचं, जमीन आमची, तुम्ही फक्त पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो मिळवा. बरेच लोक त्यात बुडाले. १९९९ साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले, तोवर पुष्कळांचं नुकसान होऊन गेलं होतं. मामांनी अशा योजनेत पैसे टाकले नाहीत, पण हिशेब मात्र डोक्यात तोच बसला होता. झाडं जितकी जास्त, तितके पैसे जास्त. त्यांनी १९९९ च्या जूनमध्ये एका रोपवाटिकेतून सागाचे स्टंप आणले. स्टंप म्हणजे वर्षाच्या रोपाचं मूळ आणि वर बोटाच्या पेराएवढा खोडाचा तुकडा. पहारीने भोक पाडायचं, स्टंप आत सारायचा, पायाने माती दाबायची. एकरात दोन मीटरवर एक, अशी हजार झाडं.

दोन बाय दोन मीटर अंतरात मुळीच चूक नाही. वनखातं आणि वनविकास महामंडळही साग असाच दाट लावत आले आहेत. दाट लावल्याने झाडं सरळ उंच जातात, खालच्या फांद्या आपोआप झडतात, गवत लवकर दबतं, आणि पुढे निवडायला भरपूर झाडं हाताशी असतात. पण दाट लावणं हा अर्धाच करार आहे. उरलेला अर्धा असा, की पाचव्या-सहाव्या वर्षी एकाआड एक तिरप्या ओळी काढायच्या, दहाव्या-बाराव्या वर्षी पुन्हा, आणि नंतर ठराविक वर्षांनी झाडं बघून बघून. हीच विरळणी. मामांनी पहिला अर्धा पाळला. दुसरा त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. रोप विकणाऱ्याला पंधरा वर्षांनी कोण विचारायला जातं?

पाहिलं ते

मी गेलो ते नोव्हेंबरात. गडगा ओलांडून आत पाऊल टाकलं आणि उजेड एकदम कमी झाला. खाली गवताचं पातं नाही, नुसता सागाच्या वाळक्या पानांचा थर. पानं बाजूला केली तर माती धुऊन खडे उघडे पडलेले. सागाच्या रुंद पानावर पावसाचं पाणी गोळा होतं आणि मोठ्या थेंबांनी खाली आदळतं. खाली गवत-झुडूप नसेल तर ते थेंब माती उचकटून नेतात. मामांना ही मोकळी स्वच्छ जमीन आवडायची. मला ती बघून वाईट वाटलं.

वर मान केली की सगळी झाडं सारखी उंच, बारा-तेरा मीटर. प्रत्येकाची पानं मात्र फक्त शेंड्याला, खोडाच्या वरच्या चौथ्या हिश्शात. खालच्या फांद्या सावलीने मेल्या होत्या. झाडाचं कमावणं पानांत असतं, आणि इथे हरेक झाड मूठभर पानांवर बारा-तेरा मीटरचं शरीर पोसत होतं. साग उंची फार सोडत नाही. गर्दी झाली तरी तो उजेडाकडे जातच राहतो आणि काटकसर करतो ती जाडीत.

आम्ही मोजणी केली. बांबूची एक काठी १.३७ मीटरवर कापली. छातीच्या उंचीचा घेर घ्यायचा तो ह्या उंचीवर. मामांनी काठी झाडाला लावायची, मी टेपने घेर घ्यायचा, मामेभावाने वहीत लिहायचं. दीड दिवस लागला. हजारापैकी ७४२ झाडं उभी होती. सरासरी घेर ४० सेंटीमीटर. सगळ्यांत जाड झाड ६४ चं, सगळ्यांत बारीक १९ चं, दोन्ही एकाच दिवशी लावलेली, एकमेकांपासून वीस पावलांवर.

त्या रात्री ओसरीवर मामांना मी एवढाच हिशेब करून दाखवला. लाकडाचा व्यापारी गोल लाकूड मोजतो ते मधल्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन, त्याचा वर्ग करून, लांबीने गुणून. तीन मीटर लांबीचा, ४० सेंटीमीटर घेराचा वासा म्हणजे साधारण एक घनफूट. तेवढ्याच लांबीचा ८० घेराचा ओंडका म्हणजे सव्वाचार घनफूट. घेर दुप्पट, माल चौपट. आणि भाव घनफुटाला सारखा नसतो. वाशाच्या लाकडाला एक, फळ्या निघणाऱ्या ओंडक्याला दुसरा, आणि दोन्हींत मोठी तफावत. त्यात बारीक लाकडात बहुतेक पांढरं, जाडात बहुतेक गाभा.

"म्हणजे निम्मी झाडं तोडली तर उरलेल्यांत दुप्पट लाकूड येईल?" मामांनी विचारलं.

नाही येणार. विरळणीबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज हाच आहे. एका एकराची माती, पाणी आणि ऊन ठरलेलं असतं आणि त्यातून वर्षाला होणारं लाकूडही जवळपास ठरलेलं असतं. विरळणीने ते वाढत नाही. त्याची वाटणी बदलते. सातशे झाडांत वाटलं तर प्रत्येकाला चिमूटभर, दीडशे झाडांत वाटलं तर प्रत्येकाला पोटभर. द्राक्षाचा बागायतदार घडातले मणी विरळ करतो तेव्हा त्याला कुणी मणी वाया घालवले म्हणत नाही. तिथे काम एका हंगामाचं, इथे चाळीस वर्षांचं. तत्त्व तेच.

मामा गप्प राहिले. मग म्हणाले, "पण कुठली तोडायची ते मी नाही सांगणार. माझा हात धजावणार नाही."

मी म्हटलं, "मामा, तोडायची कुठली ते विचारतच नाही. ठेवायची कुठली ते सांगा."

निवड

ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोडायची झाडं शोधत फिरलं की माणूस सोपं काम करतो. मेलेलं, वाकडं, बारकं झाड काढतो. मन शांत राहतं, तोड झाल्याचं समाधान मिळतं आणि चांगल्या झाडाला काहीही फायदा होत नाही. कारण ते बारकं झाड आधीच हरलेलं असतं. त्याचा शेंडा मोठ्या झाडाच्या सावलीत असतो आणि ते कुणाचंच ऊन अडवत नाही. चांगल्या झाडाचं ऊन अडवतं ते शेजारचं दुसरं चांगलं झाड, तितकंच उंच, जवळजवळ तितकंच सरळ. ते काढावं लागतं. तिथेच लोकांचा हात थांबतो.

म्हणून आम्ही रंग घेतला तो ठेवायच्या झाडांसाठी. पांढरा ऑइल पेंट, छातीच्या उंचीवर पूर्ण गोल पट्टा. नोव्हेंबर मुद्दाम निवडला, कारण तेव्हा पानं झाडावर असतात आणि कुणाचं छत्र कुणात घुसलं आहे ते दिसतं. फेब्रुवारीत पानं गळल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात. एक अडचण मात्र होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं खाणाऱ्या अळीने पानांची जाळी करून ठेवली होती. हिरवं सगळं खाऊन नुसत्या शिरा उरलेल्या, उजेडात धरलं तर चाळणीसारखी. म्हणून हिरवेपणाकडे न बघता छत्राची रुंदी आणि खोली बघायची असं ठरवलं. अळी पुढच्या वर्षी येईल-न येईल, छत्राची रुंदी ही चौदा वर्षांची कमाई.

पट्टा मिळण्यासाठी झाडाला चार गोष्टी लागत होत्या. शेंडा वरच्या थरात आणि निदान दोन बाजूंनी उजेडात. खालचं पाच मीटर खोड सरळ, बेचकं नाही. बुंध्याला वणव्याचा डाग किंवा पोकळीची खूण नाही. आणि खोड गोल, खाचा पडलेलं नाही. सागाला बुंध्यापासून वर खोल खाचा पडायची खोड असते. असं झाड टेपला जाड दिसतं आणि करवतीखाली फसवतं. बेचक्याची गोष्ट मामांना नवीन होती. सागाला फुलोरा येतो तो शेंड्यावरच. एकदा शेंडा फुलला की तिथली वाढ संपते आणि बाजूच्या दोन फांद्या पुढे निघतात. जे झाड लहान वयात फुलतं त्याचं बेचकं खालीच होतं. जे उशिरा फुलतं त्याचं सरळ खोड लांब मिळतं. "म्हणजे लवकर फुललेलं वाईट?" मामांनी विचारलं. सागात तरी, हो.

मग अंतर. साधारण सहा मीटरवर एक असा अंदाज धरला, पण टेप लावून नाही. दोन उत्तम झाडं तीन मीटरवर असतील तर दोन्ही ठेवली आणि दोघांना एक झाड समजून बाहेरच्या बाजूंनी मोकळं करायचं ठरवलं. कुठे दहा मीटरच्या पट्ट्यात एकही लायक झाड नव्हतं. तिथे कमी वाईट असलेल्याला पट्टा देण्याचा मोह होतो. आम्ही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः पुढे झाले. एका झाडापाशी उभे राहून त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं, खोडावरून हात फिरवला, फेरी मारली आणि म्हणाले, "हे." ते बरोबर होतं. चार वाजेपर्यंत मी बोलायचं सोडून दिलं, ते दाखवत होते आणि मी रंगवत होतो. कोवळ्या फुटव्याचं पान तोडून त्यांनी तळहातावर चोळलं, तळहात लाल झाला. "लहानपणी मेंदी म्हणून लावायचो," म्हणाले. सहाशे-सातशे झाडांत ते चौदा वर्षं राहिले होते, पण एकेका झाडाकडे असं पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळपर्यंत ११० पट्टे झाले. त्यांचा सरासरी घेर ५२. मग प्रत्येक पट्ट्याच्या झाडाखाली उभं राहून, त्याच्या छत्राला ज्यांचं छत्र भिडतं अशी एक किंवा दोन झाडं हेरली आणि त्यांच्या बुंध्याला कोयत्याने साल सोलून खूण केली. बाकीच्या, कुणालाच न अडवणाऱ्या झाडांना हात लावला नाही. ती खालची बारकी झाडं खोडाला सावली देतात, त्याने खोडावर पाणफुटवे, म्हणजे खोडातूनच फुटणारे धुमारे, कमी येतात.

वरच्या अंगाची, कातळाला लागून असलेली दोन गुंठे मात्र मामांनी मला रंगवू दिली नाहीत. "तेवढी राहू दे. काही चुकलं तर निदान तेवढी असतील." तिथे ३८ झाडं होती. मी मान्य केलं. पुढे ह्या दोन गुंठ्यांनीच सगळ्यांत जास्त शिकवलं.

परवानगी

साग हे महाराष्ट्रात अनुसूचित झाड आहे. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या जमिनीतलं, स्वतः लावलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेला माल वाहतूक पासाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. अर्ज, सातबारा, नकाशा, झाडांना नंबर घालणं, पाहणी, तोड, मग ठसा आणि पास. मामांच्या सातबाऱ्यावर सागाची नोंदच नव्हती. चौदा वर्षांत कुणालाच ते सुचलं नव्हतं. नोंद लावून घेण्यात दोन महिने गेले. साग लावणाऱ्याने लावल्या वर्षीच ही नोंद करावी, एवढंच सांगतो. कायद्याचा हेतू मला मान्य आहे, पण विरळणी ही वेळेवर करायची गोष्ट आहे आणि कागद पुरे होईपर्यंत हंगाम निघून गेला तर झाडांचं एक वर्ष जातं.

पहिली तोड, आणि माझी चूक

फेब्रुवारी २०१४. पानं गळली होती, त्यामुळे झाड पडताना शेजारच्याचं छत्र मोडण्याची भीती कमी. २३६ झाडं काढली, दोन गुंठे सोडून ४६८ उरली. एकदम दीडशेवर आणायला मी तयार नव्हतो. गर्दीत वाढलेली झाडं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. उंचीला व्यासाने भागलं की ती किती किडमिडीत आहेत ते कळतं. सरासरी झाडाचं गुणोत्तर ९० च्या वर होतं. हा आकडा जितका मोठा, तितकं झाड वाऱ्याला हळवं.

हे सगळं माहीत असून एका ठिकाणी मी घाई केली. खालच्या कोपऱ्यात, पऱ्याच्या कडेला, एक अतिशय सरळ झाड होतं. घेर फक्त ४४, उंची तेरा मीटर. इतकं देखणं की मी त्याला पट्टा दिला आणि लवकर जाड व्हावं म्हणून चारी बाजूंनी मोकळं केलं. जूनच्या पहिल्याच वादळी पावसात ते धनुष्यासारखं वाकलं. आजूबाजूची तीन झाडं मोडली. वाकलेलं झाड मेलं नाही, पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या खोडावर खालपासून वरपर्यंत पाणफुटवे फुटले, जणू त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं ठरवलं होतं. प्रत्येक फुटवा म्हणजे लाकडात एक गाठ. मामा काही बोलले नाहीत. मी ते झाड वहीत खोडलं. अशा किडमिडीत झाडाला मोकळं करायचंच असेल तर एका वेळी एका बाजूने, दोन-तीन वर्षं थांबत. किंवा ते सोडूनच द्यावं.

त्या पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. तोडलेल्या सागाच्या खुंटांना फुटवे आले, एकेका खुंटाला सहा-सात, दिवाळीपर्यंत माणसाच्या डोक्यावर. मुळं जुनी आणि ताकद पूर्ण, त्यामुळे हे होणारच. कोयत्याने दोनदा कापले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पण वरची छत्रं मिटत गेली तसे सावलीत विझत गेले. दुसरी गोष्ट रानमोडी नावाच्या तणाची. उजेड आला तशी ती गडग्याच्या बाजूने आत शिरली. तिला फुलायच्या आधी उपटली. तिच्याबरोबर थोडं गवतही आलं होतं, ते मात्र ठेवलं. दुसऱ्या पावसाळ्यात खाली खडे दिसेनासे झाले.

निघालेला माल वाशांचा. गोठ्याला, मांडवाला, शेजाऱ्याच्या पडवीला. मजुरी आणि कागदांचा खर्च निघाला, वर फारसं काही उरलं नाही. पहिल्या विरळणीकडून ह्याहून जास्त अपेक्षा धरू नये.

पुढची दहा वर्षं

२०१८ च्या फेब्रुवारीत दुसरी तोड झाली. चार वर्षांत पट्ट्याच्या झाडांचा सरासरी घेर ५२ वरून ६३ वर गेला होता. मोकळी केलेली छत्रं पुन्हा एकमेकांना भिडायला लागली होती आणि दुसऱ्या तोडीची खूण तीच. वर्षं मोजून नव्हे, वर बघून ठरवायचं. ह्या वेळी १७८ झाडं काढली. परवानगीला ह्या खेपेस फारसा वेळ लागला नाही, सातबाऱ्यावर नोंद होती.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं. मामांच्या आंब्याची दोन जुनी झाडं गेली, पडवीचे पत्रे उडाले. सागात मी धास्तीने गेलो. सात झाडं पडली होती, त्यातली तीन पट्ट्याची. मला जास्तीची भीती होती. २०१४ साली एकदम दीडशेवर आणलं असतं तर त्या रात्री किती राहिली असती, हा विचार मी अनेकदा केला आहे.

तिसरी तोड २०२३ च्या जानेवारीत, १२५ झाडांची. १५८ उरली, त्यांत पट्ट्याची १०४. त्यांचा सरासरी घेर ७७. ह्या खेपेला निघालेल्या मालात पहिल्यांदा फळी निघण्याजोगे ओंडके होते, आणि त्याच सुताराने त्यातून मागच्या दाराची चौकट केली. गाभा आता तांब्याच्या तोंडाहून मोठा.

दोन गुंठ्यांत काय झालं? तिथल्या सगळ्यांत चांगल्या दहा झाडांचा घेर मी प्रत्येक वेळी मोजला. २०१३ साली ४८, २०१८ साली ५२, २०२३ साली ५६. इकडे नऊ-दहा वर्षांत २५ सेंटीमीटर, तिकडे आठ. ही तुलना अगदी शुद्ध नाही, हे सांगायला हवं. तो कोपरा कातळाच्या जवळचा आहे, माती उथळ आहे. फरकाचा काही भाग मातीचा. पण पहिल्या मोजणीत दोन्हीकडच्या चांगल्या झाडांत चारच सेंटीमीटरचं अंतर होतं आणि तेव्हाही माती तीच होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये बल्लारशाहहून साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी निघाल्याच्या बातम्या आल्या. मामांनी वर्तमानपत्र जपून ठेवलं होतं. "ते ओंडके बघ. ती झाडं किती वर्षांची?" ती जंगलातली, आपल्या हिशेबाबाहेरची झाडं. मग मी त्यांना निलांबूरचं सांगितलं. केरळात, १८४० च्या दशकात, मलबारचा कलेक्टर कॉनोली ह्याने सागाची लागवड सुरू केली आणि चातू मेनन ह्यांनी ती तडीस नेली. त्या पहिल्या लागवडीतला एक तुकडा अजून राखून ठेवलेला आहे. २.३ हेक्टरांत ११७ झाडं. म्हणजे एकराला वीस. मामांनी बोटांवर हिशेब केला, आपल्या दीडशेकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून बरीच जायची आहेत."

लोक विचारतात ते एक इथेच सांगून टाकतो. भराभर वाढलेला साग ठिसूळ होतो का? सागाच्या लाकडात वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या छिद्रांचं वलय असतं. अशा लाकडात रुंद वलय म्हणजे कमजोर लाकूड असं समीकरण नाही. गाभा वयाने पिकतो, तो विरळणीने आपोआप पिकत नाही हे खरं. पण त्याला भरायला खोड तर हवं. वीस वर्षांच्या सागाकडून आजोबांच्या घरातल्या तुळईचा रंग मागितला तर मिळणार नाही. मधल्या मोकळ्या जागेत काळी मिरी लावायचंही मामांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. मिरीला ऐन उन्हाळ्यात सावली लागते आणि साग नेमका तेव्हाच उघडा होतो.

दोन गुंठे

२०२३ च्या मोजणीनंतर मामा मला त्या वरच्या कोपऱ्यात घेऊन गेले. चुन्याच्या डबीतून बोट काढून त्यांनी एका झाडाला पांढरी खूण केली, थोडं थांबले आणि दुसऱ्याला करायला गेले. मग माझ्याकडे बघितलं. "आता इथे पट्टे घातले तर?"

मी वर पाहिलं. चोवीस वर्षांच्या झाडांच्या शेंड्याला टोपलीभर पानं. बारा मीटर खोड आणि त्याच्यावर एवढंच छत्र. साग मोकळं केल्यावर छत्र रुंद करतो, पण त्यासाठी आधी जगण्याजोगं छत्र असावं लागतं. खाली मेलेल्या फांद्या परत येत नाहीत. इथे मोकळं केलं असतं तर खोडांवर पाणफुटवे आले असते आणि पहिल्या वाऱ्यात झाडं वाकली असती, पऱ्याकाठच्या त्या एकासारखी. चौदाव्या वर्षी जे जमलं ते चोविसाव्या वर्षी जमणार नव्हतं.

मी त्यांना सरळ सांगितलं. इथली सगळी काढा आणि खुंटांना फुटू द्या.

परवानगी काढून फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सगळी काढली. जमिनीलगत, तिरपा, गुळगुळीत काप घेतला, खुंटावर पाणी साचू नये म्हणून. जूनमध्ये फुटवे आले, पहिल्या फेरीत ज्यांना आम्ही कोयत्याने मारलं होतं तसलेच. ह्या वेळी ते हवे होते. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा मामा छत्री गडग्याला टेकवून एका खुंटापाशी वाकून बसले होते. खुंटाला सहा फुटवे होते. त्यांनी एकेक हलवून पाहिला. जो सालीच्या वरच्या कडेला नुसता चिकटलेला होता तो उपटला, कारण तसला वाऱ्यात निसटतो. जो अगदी खालून, मातीच्या अंगाने आला होता आणि सरळ होता, तो ठेवला. बाकीचे चार कापायला विळा उचलला, मग एक थांबवला.

"एक जोडीला ठेवू का वर्षभर? हा मोडला तर?"

"ठेवा," मी म्हटलं.

तीन कापले आणि ते पुढच्या खुंटाकडे गेले.